सरांचं धुरपद

कीर्तनकाराचं तोंड सगळ्या गावाला दिसतं. पाठ दिसते ती फक्त मागं उभ्या असलेल्या टाळकऱ्यांना. रंगनाथनं प्रभुदास सरांची पाठ एकोणचाळीस वर्षं पाहिली होती. मानेवरचे केस कधी पिकले, डावा खांदा कधी उतरला, रंगात आल्यावर सदऱ्यावर घाम आधी कुठं उमटतो, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं होतं.

बेलापुरात रंगनाथला वायरमन म्हणूनच ओळखतात. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला, मग निवृत्त झाला. मुक्ताबाई, त्याची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा गोरक्ष चाकणला कंपनीत आहे. बायकापोरांसकट तिकडंच राहतो. दिवाळीला येतो, दोन दिवसांत जातो. बाकीचे दिवस घरात रंगनाथ आणि भिंतीवरचं घड्याळ.

सरांशी त्याची गाठ पडली तीही खांबावरच. म्हणजे रंगनाथ खांबावर होता आणि सर खाली सायकल धरून उभे होते. सर तेव्हा शाळेत मराठी शिकवायचे आणि नाताळात चर्चपुढच्या अंगणात कीर्तन करायचे. त्या वर्षी त्यांचा टाळकरी टायफॉईडनं अंथरुणाला खिळलेला.

"वायरमन, सप्ताहात टाळ वाजवतोस ना?" सरांनी खालून विचारलं.

"वाजवतो की. पन तुमी कोनाच्या देवाफुडं उभं करनार मला?"

"आधी खाली उतर. देव खालीच आहे."

रंगनाथ उतरला, आणि तेव्हापासून दर नाताळात सरांच्या मागं उभा राहिला. सप्ताहात पांडुरंगाचा टाळ आणि डिसेंबरात येशूचा, टाळ मात्र एकच. सप्ताहातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा त्याला यावरून टोकलं होतं. रंगनाथ म्हणाला, "आवाज सारखाच येतो, बाबा. मी नीट ऐकून पाहिलाय."

आता धुरपद म्हणजे काय, हे सांगायला हवं. पदाची पहिली ओळ म्हणजे धुरपद. बुवानं ती म्हणायची, मागच्यांनी उचलायची, श्रोत्यांनी तिच्यावर डोलायचं. इतकं सगळ्यांनाच ठाऊक असतं. टाळकऱ्याचं आणखी एक काम असतं, ते मात्र पुढं बसलेल्यांना कळत नाही. बुवा बोलता बोलता अडला, दृष्टान्ताचं टोक हातातून सुटलं, की मागच्यानं एक क्षण न दवडता धुरपद उचलायचं. लोक टाळ्या वाजवू लागतात, आणि तेवढ्यात बुवाला घोटभर पाणी मिळतं, हरवलेलं सापडतं. बुवा अडला होता हे कुणाला कळत नाही. कळू द्यायचं नसतं. या कामात रंगनाथसारखा माणूस श्रीरामपूर तालुक्यात नव्हता, असं सरच सांगायचे.

दोघं निवृत्त झाले. सरांची बायको वारली आणि मुलगी आराधना नोकरीसाठी नाशिकला गेली. मग दोघांचा चार वाजताचा शिरस्ता सुरू झाला. बसस्टँडजवळ छगनचं चहाचं हॉटेल आहे, त्याच्याबाहेर एक लाकडी बाक. सर आले की ख्रिस्ती रिवाजानं "सलाम" म्हणायचे, रंगनाथ "रामराम" म्हणायचा, आणि बसल्या बसल्या सर वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकासारखा घसा साफ करायचे.

"आजचा विषय. मोबाईलवर ऐकलेलं कीर्तन हे कीर्तन आहे काय? मी म्हणतो, आहे. तू बोल."

बाजू ठरलेल्या नसायच्या. सरांनी एक घेतली की रंगनाथनं दुसरी घ्यायची, मग मनात काहीही असो.

"न्हाई," रंगनाथ म्हणायचा. "काल रात्री यूट्यूबवर बुवा वैराग्यावर बोलत हुते. डोळ्यात पानी आलं माझ्या. तेवढ्यात बाई आली आन् म्हनली, तुमच्या दातांना झिनझिन्या येतात का?"

छगन आतून हसायचा. "मग येतात का, वायरमन?"

"दातच चार राह्यलेत. त्यातल्या कोनाला इचारू?"

"जाहिरात कुठं नसते?" सर म्हणायचे. "आपल्या कीर्तनात मध्येच उठून अध्यक्षांचा सत्कार करत नाहीत? ती जाहिरातच. शब्द देवाचा असेल तर तो तारेतून आला काय आणि तोंडातून आला काय."

"तारेतून काय येतं ते मला नका सांगू, सर. तीस वर्षं तेच केलं. तारेतून उजेड येतो. शेजारी बसून खोकनारं मानूस येत न्हाई. कीर्तनाला मानूस लागतं."

"खोकणारंच?"

"खोकनारं, पेंगनारं, चपला शोधनारं. समदे लागतात."

असं चालायचं. कुणाचं माणूस गेलं तर फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवावं की त्याच्या दारावर जाऊन यावं? वॉशिंग मशीन आल्यापासून शेजारणी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या, हे खरं काय? फोनच सगळं लक्षात ठेवू लागल्यावर माणसाचं डोकं गंजेल काय? या शेवटच्या विषयावर सर फार जोरात बोलले होते. फोनच्या बाजूनं बोलले होते. "ओझं दुसऱ्यानं उचललं तर मान मोकळी होते," असं म्हणाले होते. हरण्याजिंकण्याचा प्रश्न नव्हता. सहा वाजता सर उठायचे आणि रंगनाथ घरी जाऊन दोन भाकरी थापायचा. थापता थापता, सर अमुक बोलले तेव्हा आपण तमुक बोलायला हवं होतं, हे त्याला सुचायचं. संध्याकाळ तेवढ्यावर निघून जायची.

श्रावण सरत आला होता. सर आले, बसले, घसा साफ केला.

"आजचा विषय. वॉशिंग मशीन आणि शेजारधर्म."

छगननं आतून मान बाहेर काढली. "सर, काल ह्योच हुता की."

सर थांबले.  रंगनाथनं ते थांबणं पाहिलं. शेजारी बसला असला तरी त्याला एकदम मागं उभं असल्यासारखं वाटलं आणि सवयीनं तोंड उघडलं.

"काल कुटं संपला हुता, छगन? काल पूर्वरंग झाला, आज उत्तररंग. तुला च्यातलं कळतं, कीर्तनातलं न्हाई. तर सर, काल तुमी म्हनत हुते, नदीवर धुनं धुताना बायका बोलायच्या..."

"बोलायच्या," सर म्हणाले आणि सुटले. "बोलायच्या म्हणजे काय, अख्ख्या गावाचं वर्तमानपत्र तिथं छापलं जायचं!"

दुसऱ्या दिवशीही वॉशिंग मशीनच निघालं. त्यानंतर रंगनाथला काय ते कळलं.

मग त्यानं आपलं जुनं काम हाती घेतलं. सर वाक्याच्या मध्ये अडले की तो त्यांचे शेवटचे दोनचार शब्द उचलायचा. मान्य करायचं असल्यासारखे, नाहीतर थट्टेनं, नाहीतर भांडायच्या सुरात. "म्हंजे फोनमुळं मान मोकळी हुते म्हनता?" सरांना धागा सापडायचा. एकाच गोष्टीची तिसरी आवृत्ती निघाली, की तो तीन वेळा नव्यानं भांडायचा. छगनला तर वाटायचं, हल्ली वाद जास्तच रंगतात. संध्याकाळी रंगनाथ सरांना घरापर्यंत सोडू लागला. "पाय मोकळे करतो," म्हणायचा. कारण एका संध्याकाळी सर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून डावीकडं जावं की उजवीकडं, हे बघत होते.

सरांच्या शेजारी लंकाबाई राहतात. भिंतीपलीकडून त्या एकदा म्हणाल्या, "वायरमन, सरांचं दूध दोनदा उतू जाऊन गॅस इझला. वास आला म्हनून मी धावले. मुलीला कळवा की."

"कळवतो," रंगनाथ म्हणाला.

आराधना दर रविवारी सकाळी दहाला त्याला फोन करायची. तिच्या पप्पांना फोनवर काही विचारलं की ते नुसतं "छान, छान" म्हणायचे, म्हणून तिचा भरवसा याच्यावर.

"काका, पप्पा बरे आहेत ना? खरं सांगा हं."

"एकदम मस्त. काल छगनला गप्प बसवला त्यांनी."

"जेवण?"

"माझ्यापेक्षा एक भाकर जास्त."

फोन ठेवल्यावर तो टाळ पुसायला घ्यायचा. पुसण्याजोगं त्यांच्यावर काही नसायचं. सरांच्या भल्यासाठीच आपण असं करतोय, परक्या गावात, मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांचं काय होईल, असं तो स्वतःला सांगायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आराधना त्यांना घेऊन गेली तर चार वाजता आपण काय करायचं, हा विचार त्याच्याही आधी येऊन बसलेला असायचा. माणूस देवापुढं उभा राहिला की कुठला विचार आधी आला तेच विचारलं जातं, असं सर कीर्तनात सांगायचे. रंगनाथ मागं उभा राहून ते ऐकत आलेला.

डिसेंबर आला. आराधना नाताळाच्या चार दिवस आधीच आली आणि बॅग घरी टाकून लगेच रंगनाथच्या घरी गेली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली.

"काका, मी स्पष्टच सांगते. मला काहीतरी वेगळं वाटतंय. परवा फोनवर त्यांनी मला 'ताई' म्हटलं. ताई म्हणजे माझी आत्या. ती जाऊन वीस वर्षं झाली."

"झोपेत आसतील."

"असतील. लंकाबाईही काहीबाही सांगत होत्या. मी न्यायचंच ठरवून आलेय, तसा डॉक्टरही बघून ठेवलाय. पण चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, यंदाचं कीर्तन सरांचंच आहे. म्हटलं, कीर्तन बघते. कीर्तन उभं केलं त्यांनी, तर माझीच भीती खोटी म्हणायची. नाही झालं, तर दुसऱ्या दिवशी गाडी."

ती गेल्यावर रंगनाथनं तिचं पाण्याचं भांडं आत नेऊन ठेवलं. आता कीर्तन म्हणजे परीक्षा, आणि पेपर सोडवणार कोण, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. देवा, मला तेवढं बळ दे, असं तो म्हणाला. कुठल्या देवाला म्हणाला, ते त्यानं त्या दिवशी पाहिलं नाही.

नाताळच्या संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या अंगणात सतरंज्या पडल्या. झाडावर कागदाचा तारा टांगलेला. पेटीवर रॉबिन, तबल्यावर केविन, दोघंही सरांचेच विद्यार्थी. लोक बसले, बायकांनी शालीत पोरं गुंडाळली, आराधना पहिल्या रांगेत. सर उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. रंगनाथला पाठ दिसली आणि क्षणभर सगळं एकोणचाळीस वर्षांपूर्वीचंच वाटलं.

पद सरांचंच होतं, तरुणपणी रचलेलं.

"दारी आला पाहुणा गे, नाव त्याचे पुसू नको..."

आवाज खणखणीत लागला. आवाज काही विसरत नाही. पूर्वरंग असा झाला, की पाळकसाहेबांनी मांडीवर ठेका धरला. मग सर आख्यानावर आले. आख्यानही त्यांनी स्वतःच रचलेलं. बेथलेहेमच्या वाटेवरच्या खेड्यात एक म्हातारी राहायची. एकटी. तिच्याकडं एकच कंदील. संध्याकाळी एक दमलेलं जोडपं दाराशी आलं, बाई पोटुशी. म्हातारीनं त्यांना पाणी दिलं. पुढची वाट अंधारी होती, म्हणून...

"म्हणून," सर म्हणाले.

चिपळ्या वाजल्या. "म्हणून," सर पुन्हा म्हणाले.

रंगनाथनं धुरपद उचललं. "दारी आला पाहुणा गे!" रॉबिननं पेटी भरली, सगळं अंगण गाऊ लागलं. सरांना पाणी मिळालं, पण धागा काही मिळाला नाही. गाणं थांबल्यावर त्यांनी सुरुवात केली ती पुन्हा पहिल्यापासून. बेथलेहेमच्या वाटेवर एक खेडं होतं. तिथं एक म्हातारी राहायची. एकटी.

रंगनाथनं टाळ पुन्हा उचलून तयार धरले. लोक मात्र सरसावून बसले. बुवा एक प्रसंग फिरून घेतो तेव्हा त्याला त्यातलं काहीतरी खोल दाखवायचं असतं, हे श्रोत्यांना माहीत असतं. दुसऱ्या खेपेला म्हातारीचं एकटेपण सरांनी जास्त सांगितलं. तिच्या चुलीत लाकूड एकच असतं. ती कुणाशी बोलत नाही, म्हणून तिचा आवाज तिलाच अनोळखी झालाय. मागच्या खेपेला यातलं काहीच नव्हतं. जोडपं आलं. पाणी झालं. म्हणून...

पुन्हा धुरपद. पुन्हा सगळं अंगण. एक बाई पदरानं डोळे पुसत होती.

तिसऱ्या खेपेला "म्हणून" पाशी आले आणि सर वळले.

कीर्तनकार मागं वळत नाही. त्याचं तोंड श्रोत्यांकडं, त्यांच्यातल्या देवाकडं. इतक्या वर्षांत सर एकदाही वळले नव्हते. आता वळले आणि हातभर अंतरावरून त्यांनी रंगनाथकडं पाहिलं. सातआठ वर्षांचं लेकरू जत्रेत आईचा हात सुटल्यावर बघतं, तसं.

"पुढं काय होतं रे?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

ते शब्द रंगनाथशिवाय कुणाच्याही कानावर गेले नाहीत.

"कंदील, सर," टाळ वाजवता वाजवताच तो म्हणाला. "म्हातारीनं कंदील दिऊन टाकला. आन् सवता अंधारात बसली."

सर लोकांकडं फिरले. "तिनं कंदील देऊन टाकला," ते म्हणाले. आत्ताच पहिल्यांदा ऐकल्यासारखा त्यांचा आवाज बसला. "आणि स्वतः अंधारात बसली."

 मग कुणीतरी टाळी दिली आणि सगळ्यांनीच धुरपद उचललं. ते कितीतरी वेळ थांबेना.

कीर्तन संपल्यावर लोकांनी सरांना घेरलं. "तीनदा तोच प्रसंग, आणि दर खेपेला नवा! काय वळण घेतलंत, सर! एकदम पाठ फिरवलीत, अंगावर काटा आला!" सर हसून सगळ्यांना "सलाम, सलाम" करत होते.

आराधना थेट रंगनाथकडं आली. तिचे डोळे ओले होते.

"काका, माझंच चुकलं. असा माणूस मी चौथ्या मजल्यावर नेऊन बसवणार होते! हलवणं पाप होईल. मी उद्या दुपारी जाते. पप्पा इथंच राहू देत. तुम्ही आहात ना."

"हाय की," रंगनाथ म्हणाला.

त्याला जे हवं होतं, ते मिळालं होतं. घरी जाताना त्यानं ते स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. भाकरी थापली, पण ताटावर बसवेना. डोळे मिटले की पाठ आठवायला हवी होती; आठवत होतं ते तोंड. एकोणचाळीस वर्षं बुवाला सावरलं, पण हे काही त्याच्या सावरण्यातलं नव्हतं, हे त्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि ते वाचणारा जगात तो एकटाच होता.

सकाळी नऊला तो सरांच्या घरी गेला. सर अंगणात खुर्चीवर उन्हात बसले होते. "सलाम, रंगनाथ! चार वाजले?"

"वाजतील, सर. बसा."

आत आराधना बॅग भरत होती.

"ताई, कालचं कीर्तन सरांनी न्हाई केलं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "म्यां ढकललं."

ती हसली. "काका, तुमचा विनय..."

"इनय न्हाई. तीनदा अडले ते. परत परत तेच सांगितलं, कारन फुडचं सापडत नव्हतं. वळले ते वळन नव्हतं. मला इचारत हुते, फुडं काय म्हनून. लोकांला वाटलं कला हाय. तुमाला बी वाटलं."

तिच्या हातातली साडी हातातच राहिली.

"कधीपासून?"

"श्रावनापासून."

"चार महिने? मी दर रविवारी विचारत होते, काका! खरं सांगा, म्हणत होते!"

"व्हय."

"गॅस? लंकाबाई म्हणाल्या ते?"

"दोनदा इझला. लंकाबाई धावल्या म्हनून निभावलं."

"आणि तरी तुम्ही गप्प बसलात? का? सांगा ना, का?"

रंगनाथनं इकडंतिकडं पाहिलं. रात्रभर त्यानं मनात बरंच काही जुळवलं होतं, सरांच्या भल्याचं, चौथ्या मजल्याचं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"मला चार वाजता जायाला दुसरी जागा न्हाई, ताई," तो म्हणाला.

आराधनानं साडी बॅगेवर टाकली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं गॅसचं बटण बघितलं, बंदच होतं ते पुन्हा बंद केलं. मग तिथंच ओट्याला टेकून थोडी रडली. बाहेर सर पदाची चाल गुणगुणत होते. रंगनाथ दाराशी चपला घालून उभा राहिला. जावं की थांबावं, त्याला कळेना.

"चपला काढा," ती आतून म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "बसा. मला सगळं सांगा. काय विसरतात, कधी विसरतात, कशानं घाबरतात. एक गोष्ट सोडू नका."

तो बसला आणि सांगू लागला, ती फोनमध्ये लिहू लागली. सकाळी बरे असतात, ऊन उतरल्यावर गोंधळतात. चष्मा फ्रिजवर ठेवतात. दाढी करताना अर्धी बाजू राहते, ती दाखवायची नाही, "वस्तरा बोथट झालाय" म्हणून आपण पुढं व्हायचं. डावीकडच्या गल्लीत कुत्रं आहे, तिथं थबकतात. आईचं नाव काढलं की ती बाजारात गेलीय म्हणतात. तिथं वाद घालायचा नाही. सांगता सांगता त्याचं त्यालाच नवल वाटलं, किती साठवलं होतं आपण! मुक्ताबाईच्या शेवटच्या वर्षातलंही इतकं बारीक त्याला आठवत नव्हतं. एकेक गोष्ट तिच्या फोनमध्ये जात होती आणि त्याच्याकडं तेवढीच कमी होत होती.

"आणि बोलताना मध्येच थांबतात तेव्हा? मी पुढचा शब्द सांगते, तर चिडतात."

"फुडचा सांगायचाच न्हाई. त्यांचेच मागले शब्द परत म्हनायचे. इचारल्यावानी. घाई न्हाई करायची. त्यांचं त्यांला सापडतं. न्हाईच सापडलं, तर बी बिघडत न्हाई, परत म्हनायचं."

ती उठून अंगणात गेली. रंगनाथ खिडकीतून बघत राहिला. सर तिला काहीतरी सांगत होते, हात वर करून, "...आमच्या वेळी शाळेत शिक्षक नुसते शिकवत नसत, तर..." हात तसाच राहिला.

"नुसते शिकवत नसत?" आराधना म्हणाली.

"नसत! पोरांची नखंसुद्धा कापत!" सर म्हणाले आणि हसले.

तीही हसली, आणि खिडकीकडं बघून तिनं मान हलवली. रंगनाथनंही हलवली. पहिल्याच खेपेला जमलं तिला. त्याला स्वतःला तीन वर्षं लागली होती.

दुपारी गाडी आली. सर पुढच्या सीटवर बसले, मांडीवर उपरणं घडी करून. "रंगनाथ, चार दिवसांत येतो," म्हणाले. त्यांना नाव आठवत होतं, म्हणून तो जास्तच गलबलला. आराधनानं गाडीला वळसा घालून येत त्याच्या हातात घराची किल्ली ठेवली.

"मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर," ती म्हणाली. "पण किल्ली दुसऱ्या कुणाकडं ठेवू? आठवड्यातून एकदा खिडक्या उघडा. घर कोंदट होतं." आणि वाकून तिनं त्याच्या पायाला हात लावला.

तो आठवड्यातून एकदा नाही, रोज जाऊ लागला. छगनच्या बाकावर दोन दिवस बसून पाहिलं. छगन भला माणूस, पण त्याच्याशी काही बोलावं तर तो लगेच "बरोबर हाय" म्हणतो. सगळंच बरोबर म्हटलं की पुढं बोलायचं काय?

चार वाजता कुलूप काढायचं, चारही खिडक्या उघडायच्या, अंगणातल्या गुलाबाला तांब्याभर पाणी घालायचं. मग आतल्या खुर्चीवर बसायचं. जानेवारी मध्यावर आला होता. उसाच्या गाड्या रस्त्यानं जात होत्या, त्यांचा धुरळा खिडकीतून येऊन टेबलावर बसत होता.

"वायरमन!" भिंतीपलीकडून लंकाबाईंचा आवाज आला. "सर आले व्हय? बोलन्याचा आवाज येतोय मगापासून."

रंगनाथ दचकला. आपण मोठ्यानं बोलत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. कधीपासून, ते आठवेना.

"न्हाई, लंकाबाई. मीच हाय."

"मग कोनाशी भांडत हुता?"

"एक इषय निघाला हुता."

"कंचा?"

मानूस गेल्यावर त्याच्या घराच्या खिडक्या उघडाव्यात का, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. पण सर गेले नव्हते, नाशिकला होते. तो शब्द त्यानं गिळला.

"चालू द्या," लंकाबाई म्हणाल्या. "मला भाकरी टाकायच्यात." त्यांच्या चपलांचा आवाज घरात गेला. दार लागलं.

ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं होतं. खिडक्या लावायला अजून अवकाश होता. रंगनाथनं टेबलावरचा धुरळा तळहातानं एका बाजूला केला, खुर्ची जरा खिडकीकडं ओढली आणि या खेपेला आवाज खाली ठेवून पुन्हा बोलायला सुरुवात केली.